रूळ उखडणारे सैनिक: अमेरिकी यादवी युद्धातल्या एका एनग्रेव्हिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे चित्र नेमके कोणत्या प्रसंगाचे आहे?

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण अशी यादवी झाली. उत्तरेचा सेनापती विल्यम टेकुमसे शर्मन याने नोव्हेंबर १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यातले अटलांटा शहर सोडले आणि सुमारे ६०,००० सैनिक घेऊन तो अटलांटिक किनाऱ्यावरच्या सव्हॅनाकडे निघाला. २१ डिसेंबरला सव्हॅना त्याच्या हाती आले. ही मोहीम 'समुद्राकडची कूच' म्हणून ओळखली जाते आणि चित्राचे नावही तेच आहे. (एनग्रेव्हिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर किंवा लाकडावर कोरून त्यावरून छापलेले चित्र.) वाटेत लागलेल्या रेल्वेमार्गांचे या सैन्याने काय केले, ते चित्रात दिसते.

चित्रात काय काय पाहायचे?

बहुतेकांची नजर आधी घोड्यावरच्या सेनापतीकडे जाते. मला विचाराल तर आधी कष्ट करणारे हात पाहा. सैनिक रूळ उपटत आहेत, तारायंत्राच्या खांबांवर कुऱ्हाडी चालल्या आहेत, आणि याच गर्दीत गुलामीतून नुकतीच सुटलेली काळी माणसे आहेत. त्यांच्यातले काही जण सैनिकांना हातभार लावत आहेत.

रूळ आणि तारायंत्र एकाच चौकटीत आहेत, आणि प्रत्यक्षातही ते तसेच असत. तारा बहुधा लोहमार्गाच्या कडेनेच गेलेल्या असायच्या. रुळावरून धान्य, दारूगोळा आणि माणसे जात, तारेवरून हुकूम जात. दोन्ही एकाच वेळी तोडले की पुढच्या ठाण्याला ना मदत मिळे, ना खबर.

हे चित्र कुणी काढले? ते लोक तिथे हजर होते का?

मूळ रेखाटन फेलिक्स ऑक्टेव्हियस कार डार्ली यांचे आणि कोरीव काम अलेक्झांडर हे रिची यांचे. डार्ली हे त्या काळातले अमेरिकेतले अतिशय लोकप्रिय पुस्तकचित्रकार. रिची मूळचे स्कॉटलंडचे. अध्यक्ष लिंकन मंत्रिमंडळासमोर गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा वाचून दाखवतो, त्या प्रसिद्ध चित्राचे एनग्रेव्हिंगही त्यांनीच केले होते.

चित्र १८६८ चे आहे, म्हणजे युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावरचे. ही बातमी नाही, जिंकलेल्या बाजूची आठवण आहे. कित्येक आठवड्यांत आणि शेकडो मैलांत विखुरलेल्या घटना एका चौकटीत आणून मांडल्या आहेत. प्रत्यक्षात सैन्य दोन फळ्यांत, वेगवेगळ्या वाटांनी चालले होते आणि एका माणसाला हे सगळे एका जागी उभे राहून दिसणे शक्य नव्हते. म्हणून चित्र खोटे ठरत नाही. यातली प्रत्येक कृती घडलेली आहे. जुळणी मात्र चित्रकाराची आहे, एवढे लक्षात ठेवून ते पाहावे.

तेव्हा फोटोग्राफी होती ना? मग एनग्रेव्हिंग कशाला?

होती, आणि चांगली होती. शर्मनच्या सैन्याबरोबर जॉर्ज बर्नार्ड हा छायाचित्रकार होता. अटलांटात रूळ उखडणाऱ्या सैनिकांचे त्याचे छायाचित्र आजही पुस्तकांत छापले जाते. पण अडचणी दोन होत्या. एक म्हणजे काचेवर फोटो घ्यायला काही सेकंद लागत, त्यामुळे हालणारी वस्तू पुसट येई. घण उचललेला, पहार रेटलेली, ज्वाळा उठलेल्या, असे काही पकडायचे तर माणसांना तसे उभे करूनच फोटो घ्यावा लागे. दुसरी अडचण छपाईची. मजकुरासोबत फोटो छापण्याची सोय वर्तमानपत्रांना त्यानंतरही बरीच वर्षे नव्हती.

त्यामुळे साप्ताहिके लाकडी ठशांवर चालत. चित्रकार युद्धभूमीवर पेन्सिलने रेखाटन करून न्यूयॉर्कला धाडत. तिथे ते बॉक्सवूड नावाच्या टणक लाकडाच्या ठोकळ्यावर उतरवले जाई. हे झाड जाड होत नाही, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान लहान ठोकळे मागून बोल्टने जोडत. घाई असली की ठोकळे सुटे करून एकेक कारागिराच्या हाती देत. सांध्यावरच्या रेघा आधीच कोरून ठेवलेल्या असत, म्हणजे पुन्हा जोडल्यावर रेघ चुकत नसे. कोणी झाडे कोरी, कोणी आभाळ, आणि चेहरे सर्वांत कसलेल्या हाताकडे जात.

रिचींचे काम यापेक्षा वेगळ्या जातीचे. ते धातूच्या पत्र्यावर कोरलेले, घरात चौकटीत लावण्यासाठी विकलेले मोठे चित्र आहे. त्याला साप्ताहिकाची घाई नव्हती, आणि ते त्यातल्या बारकाव्यांवरून कळते.

रूळ उखडायचे म्हणजे सैनिक प्रत्यक्षात काय करत?

आगगाडीचा रस्ता तोडणे म्हणजे चार रूळ उपटून फेकणे, असे आपल्याला वाटते. पण तो कामाचा शिस्तशीर क्रम होता आणि हजारो माणसे तो पाळत होती.

लोहमार्गाच्या एका बाजूला सैनिक ओळीने उभे राहत. आधी एका ठिकाणचा सांधा मोकळा करत. मग हुकूम सुटला की सगळे मिळून स्लीपरची (रुळांखालच्या आडव्या लाकडांची) टोके धरून मार्ग उचलत आणि रुळांसकट आख्खी लांबी पालथी घालत. पालथा पडताना बरेचसे खिळे आपोआप ढिले होत, उरलेले पहारीने आणि घणाने उडवत. सुट्या झालेल्या लाकडी स्लीपरची चौकोनी रास रचत, वर रूळ आडवे टाकत आणि राशीला आग लावत. वाळलेले स्लीपर हेच सरपण, त्यामुळे जळण शोधायला लांब जायला नको.

तेव्हाचे रूळ पोलादाचे नव्हते, घडीव लोखंडाचे होते. मध्यावर लाल झाले की ते स्वतःच्याच वजनाने वाकू लागत. तेवढ्यात दोन्ही टोकांना माणसे लागत, रूळ उचलून जवळच्या झाडाशी किंवा खांबाशी नेत आणि बुंध्याभोवती गुंडाळत. या वेटोळ्यांना सैनिकांनी 'शर्मनचे नेकटाय' असे नाव ठेवले.

१८ जुलै १८६४ च्या हुकुमात शर्मनने हा क्रम स्वतः लिहून दिला आहे: स्लीपरची होळी करा, रूळ वर टाका, मध्ये लाल झाले की दोन टोकांच्या माणसांनी ते असे पिळावेत की त्यांचा पृष्ठभाग मळसूत्रासारखा फिरेल. मोठ्या सैन्याचा सेनापती रुळाला पीळ कसा द्यायचा हे समजावून सांगत बसतो, यावरूनच त्या कामाचे मोल कळते.

नुसता वाकवून का भागत नव्हते? पीळच का हवा?

माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म इथे आहे. वाकलेला रूळ पुन्हा तापवून, ठोकून सरळ करता येतो. दक्षिणेचे रेल्वे कामगार ते करत होते, आणि तसे रूळ पुन्हा मार्गावर बसतही होते. पण रुळाला स्वतःच्याच अक्षाभोवती पीळ बसला तर ठोकून उपयोग नाही. तो वितळवणाऱ्या आणि लाटणाऱ्या कारखान्यातच न्यावा लागतो.

उत्तरेच्या लष्करी रेल्वेचे काम पाहणारे हर्मन हॉप्ट यांच्या माणसांनी यावर पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचा सहकारी स्मीड याने यू आकाराचा लोखंडी तुकडा बनवला. तो रुळाला अडकवायचा, त्यात लांब लाकडी दांडा घालून ओढायचे, की रूळ उखडलाही जाई आणि पिळलाही जाई. शर्मनचा मुख्य अभियंता ऑर्लँडो पो याने तापलेल्या रुळासाठी वेगळा आकडा तयार केला. जॉर्जियात नेमलेल्या तुकड्यांजवळ ही हत्यारे होती.

आधीच्या अनुभवाने शिकवलेली ही गोष्ट होती. फेब्रुवारी १८६४ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियनला शर्मनच्या १०,००० माणसांनी पाच दिवस कुऱ्हाडी, पहारी, घण आणि आग वापरून स्थानके, कोठारे, मार्ग, सगळे मोडले. मेरिडियन आता उरले नाही, असे त्याने कळवले. आणि तरी काही आठवड्यांत तिथून गाड्या पुन्हा धावू लागल्या. मोडतोड किती मोठी दिसते यावर काही ठरत नव्हते. शत्रूला ती भरून काढायला किती काळ लागेल, हाच खरा हिशेब होता.

शर्मनला रेल्वेचे एवढे महत्त्व का वाटत होते?

कारण तो स्वतः रेल्वेवर जगला होता. अटलांटाची मोहीम एका एकेरी लोहमार्गावर उभी होती: लुईव्हिलहून नॅशव्हिल, तिथून चॅटनूगा, तिथून अटलांटा, एकूण ४७३ मैल. पुढे आठवणींत त्याने हिशेब मांडला की या मार्गाने १९६ दिवस एक लाख माणसे आणि ३५,००० जनावरे पोसली. हेच काम खेचरांच्या गाड्यांनी करायचे तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, आणि त्या रस्त्यांवर ते अशक्यच होते, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

असा माणूस शत्रूच्या रुळांकडे निराळ्या नजरेने पाहणारच. सव्हॅनाकडे निघण्यापूर्वी तर त्याने अटलांटाकडे येणारा स्वतःच्या रसदीचा मार्गही तोडून टाकला, म्हणजे मागून शत्रूला तो वापरता येऊ नये. पुढे सैन्य वाटेतल्या शेतांवरच्या धान्यावर आणि जनावरांवर जगले.

रेल्वेची नासधूस फक्त उत्तरेनेच केली का?

मुळीच नाही. दक्षिणेच्या सैन्याने जून १८६१ मध्येच हार्पर्स फेरीचा रेल्वेपूल उडवला आणि मार्टिन्सबर्गला बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीची इंजिने जाळली. अटलांटा सोडताना १ सप्टेंबर १८६४ च्या रात्री दक्षिणेचा जनरल हूड याने स्वतःचीच दारूगोळ्याची गाडी पेटवून दिली. शेजारचा रूळ लाटण्याचा कारखानाही त्यात बेचिराख झाला. त्या जागेचे बर्नार्डने घेतलेले छायाचित्र पाहा: उघड्या माळावर डब्यांच्या चाकांच्या जोड्या तेवढ्या ओळीने उरल्या आहेत. अनेक लोक हे चित्र शर्मनच्या विध्वंसाचे म्हणून दाखवतात, ते चूक आहे.

महिनाभराने हूडनेच उलट फिरून शर्मनच्या मागचे कित्येक मैल रूळ उखडले. उत्तरेच्या दुरुस्ती पथकांनी सुमारे आठवड्याभरात मार्ग चालू केला.

एप्रिल १८६२ ची जेम्स अँड्र्यूज याच्या टोळीची कथाही याच मार्गावरची. साध्या वेशातल्या उत्तरेच्या माणसांनी 'जनरल' नावाचे इंजिन पळवले. वाटेत रूळ आणि तारा तोडत जायचे, पूल जाळायचे, असा बेत होता. गाडीचा कंडक्टर विल्यम फुलर याने आधी पायी आणि मग मिळेल त्या इंजिनाने पाठलाग करून त्यांना गाठले. अँड्र्यूजसह आठ जणांना फाशी झाली. अमेरिकेचे 'मेडल ऑफ ऑनर' हे शौर्यपदक सर्वांत आधी याच टोळीतल्या सैनिकांना मिळाले. पण रेल्वेच्या दृष्टीने पाहिले तर मूठभर माणसांनी घाईघाईत केलेली मोडतोड लगेच सांधली गेली. ६०,००० माणसांनी केलेली तशी लगेच सांधता आली नाही.

दक्षिणेला दुरुस्ती का जमली नाही?

लोखंड नव्हते. युद्धाच्या सुरुवातीला देशातल्या सुमारे ३०,००० मैल लोहमार्गांपैकी ९,००० मैलांच्या आसपास दक्षिणेकडे होते, पण रूळ बनवणारे कारखाने जवळजवळ सगळे उत्तरेत. रिचमंडचा ट्रेडिगर कारखाना तोफा आणि जहाजांचे चिलखती पत्रे बनवण्यात गुंतला. बाहेरून आणावे तर बंदरांची नाकेबंदी. शेवटी कमी महत्त्वाच्या मार्गांचे रूळ काढून महत्त्वाच्या मार्गांवर बसवायची वेळ आली. त्यातून दोन रुळांमधले अंतरही सगळीकडे सारखे नव्हते. कुठे पाच फूट, कुठे चार फूट साडेआठ इंच. एका कंपनीचे डबे दुसरीच्या मार्गावर जात नसत, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे.

उत्तरेकडे याच्या बरोबर उलट स्थिती होती. पुलांचे तयार भाग आणि रुळांचे साठे हाताशी असत. चॅटाहूची नदीवरचा ७८० फूट लांबीचा पूल त्यांच्या पथकाने साडेचार दिवसांत उभा केला.

नुकसान किती झाले? घरे जाळली का?

सुमारे ३०० मैल लोहमार्ग मोडला गेला. जॉर्जियाचे एकूण नुकसान शर्मनने दहा कोटी डॉलर धरले होते. त्यापैकी दोन कोटींचा लष्कराला उपयोग झाला, बाकीची निव्वळ नासाडी, असे त्याने स्वतःच अहवालात म्हटले. हुकुमाप्रमाणे खाजगी घरात शिरायला सैनिकांना मनाई होती. तरी लूट झाली, घरे जळली. गरीब शेतकऱ्यांच्या घरातले शेवटचे धान्यही गेले. रेल्वे तोडण्यामागचे लष्करी कारण मला पटते, पण त्या कारणाखाली ही लूट झाकता येत नाही.

चित्रातल्या काळ्या माणसांचे पुढे काय झाले?

या प्रश्नाशी जास्त वेळ थांबायला हवे. दक्षिणेतले बहुतेक लोहमार्ग गुलामांच्या श्रमातून तयार झाले होते. भराव टाकणे, स्लीपर तोडणे, रूळ वाहणे, दुरुस्ती, हे सगळे त्यांच्याकडून करून घेतले जाई आणि मजुरी मालकाच्या खिशात जाई. त्यामुळे या चित्रात रूळ उखडायला लागलेला काळा हात फार मोठी गोष्ट सांगतो.

शर्मनच्या मागोमाग हजारो स्त्री-पुरुष, म्हातारी माणसे आणि कडेवर मुले घेतलेल्या आया निघाल्या. चित्रात त्यांचे स्वागत झालेले वाटते. वास्तवात डिसेंबर १८६४ मध्ये सव्हॅनाच्या अलीकडे एबेनेझर क्रीक या ओढ्यापाशी जनरल जेफरसन सी. डेव्हिस (हा उत्तरेचा अधिकारी, दक्षिणेच्या अध्यक्षाशी त्याचे फक्त नामसाधर्म्य) याने आपले सैन्य पार होताच तराफ्यांचा पूल काढून घेतला. मागे शत्रूचे घोडदळ होते. घाबरलेल्या लोकांनी थंडगार पाण्यात उड्या घेतल्या आणि कित्येक बुडाले. अशा चित्रांत ही बाजू कधी आली नाही.

या प्रकाराचा बोभाटा वॉशिंग्टनपर्यंत गेला. १२ जानेवारी १८६५ ला सव्हॅनात युद्धमंत्री स्टँटन आणि शर्मन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांशी चर्चा केली. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझियर बोलले. आम्हाला जमीन द्या, ती कसून आम्ही स्वतःच्या पायावर उभे राहू, असे त्यांचे सांगणे होते. चारच दिवसांनी शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि बहुतेक जमीन जुन्या मालकांकडे परत गेली.

गुलामगिरी कायद्याने संपली, ही बातमी महाराष्ट्रात फार मनापासून ऐकणारा एक माणूस होता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केले ज्यांनी काळ्यांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे.

या युद्धाचा मुंबईच्या कापसाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. लँकेशायरच्या गिरण्या दक्षिणेच्या कापसावर चालत होत्या. नाकेबंदीमुळे तो बंद झाला आणि इंग्लंडची नजर खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाडकडे वळली. मुंबईत पैशांचा पूर आला. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे नाव घरोघर झाले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले. त्याच वर्षांत इथे रूळ टाकले जात होते: भोर घाट १८६३ मध्ये पार झाला, थळ घाट १८६५ मध्ये. जॉर्जियात मार्ग मोडत होते आणि सह्याद्रीत बोगदे खोदले जात होते, तेही मजुरांचे प्रचंड बळी घेऊन.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली याने शरणागती पत्करली, आणि ती खबर आल्यावर कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला वायद्यांचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा मुंबईत एकापाठोपाठ एकेकाचे दिवाळे निघाले. शेतकऱ्याच्या माथी मात्र तेजीत काढलेले कर्ज राहिले. १८७५ मध्ये सुप्यापासून पुणे-नगर भागात पसरलेल्या सावकारविरोधी दंग्यांच्या कारणांत इतिहासकार ही मंदीही धरतात.

मोडलेले मार्ग पुन्हा कधी सुरू झाले?

बरेचसे १८६६ पर्यंत.

चित्राची अस्सल प्रत कशी ओळखायची? ते वापरता येते का?

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात हे चित्र आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. १८६८ चे असल्याने त्यावर आता कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही. शाळेच्या प्रकल्पात, लेखात, व्याख्यानात खुशाल वापरा, फक्त खाली डार्ली आणि रिची या दोघांचीही नावे द्या. कोरणाऱ्याचे नाव गाळण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडायला हवी.

कुणी विकत घ्यायचे म्हटले तर भिंगाखाली पाहा. पत्र्यावरून छापलेल्या प्रतीत रेघा आणि टिंबे हाताने कोरलेली दिसतात, त्यांची जाडी बदलत जाते आणि शाई कागदावर किंचित उठलेली जाणवते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबही दिसू शकतो, अर्थात कागद कापलेला नसेल तर. एकसारख्या ओळींतले बारीक ठिपके दिसले तर ती नंतरची यांत्रिक छपाई आहे, मग कागद कितीही पिवळा असो.

एक सूचना: 'समुद्राकडची कूच' या नावाने शोधल्यावर साप्ताहिकांतले लाकडी ठशांचेही पुष्कळ नमुने समोर येतात. त्यांच्या पाठीला बहुधा छापील मजकूर असतो. तेही जपण्यासारखे आहेत, पण ते हे चित्र नव्हे.